पत्रे उडाले, नुकसान किती? वादळाच्या हिशेबाचा इतिहास

वादळ होऊन गेलं की दुसऱ्या दिवशी बातमीत एक आकडा येतो. इतक्या घरांची पडझड, इतक्या कोटींचं नुकसान. आपण तो वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. माझ्या पीएचडीचा विषय म्हणजे नेमका हाच आकडा. तो कोण काढतं, कशासाठी काढतं, आणि तसा काढायची रीत कुठून आली? तुम्ही 'पेट'ची तयारी करत असाल, नेट-सेट देऊन विषय शोधत असाल, तर हा इतिहास तुमच्याही कामाचा आहे. कारण तुमचा विषय शेती असो, आरोग्य असो की स्थलांतर, नुकसानीचा एखादा आकडा कधी ना कधी तुमच्या प्रबंधात येऊन बसणारच. तो बसण्याआधी त्याची चौकशी करायला शिका.

"बुलढाण्यात कुठलं आलं चक्रीवादळ?" हा प्रश्न मला ठरलेला असतो. बरोबर आहे. समुद्र इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, अर्धा तास वारा सुटतो आणि घाटावर असो की घाटाखाली, गावातले पत्रे शेतात जाऊन पडतात. वाऱ्याला आपण कुठलं नाव देतो याच्याशी छपराला काही देणंघेणं नसतं. त्यामुळे चक्रीवादळात घरं कशी मोजली गेली, हे इथल्या अभ्यासकालाही शिकावं लागतं. आणि तो इतिहास सुरू होतो मुंबईपासून, तेही न झालेल्या एका वादळापासून.

इंटरनेटवर जगातल्या भयंकर चक्रीवादळांच्या याद्या सापडतात. त्यातल्या अनेकांत एक ओळ असायची, काहींत अजून आहे: ६ जून १८८२, मुंबई, मृत्यू १ लाख. पुस्तकांनी ती उचलली, लेखांनी पुस्तकांवरून उचलली. २०१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांचे सहकारी यांचा मुंबईच्या चक्रीवादळ-धोक्यावरचा शोधनिबंध 'मंथली वेदर रिव्ह्यू'मध्ये आला. त्यांचा निष्कर्ष असा की हे वादळ झालंच नव्हतं.

हे तपासायला सुपरकॉम्प्युटर लागत नाही, हे मला तुम्हाला सांगायचंय. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७ लाख ७३ हजार १९६ होती. म्हणजे त्या यादीनुसार एका दिवसात शहरातला आठातला एक माणूस गेला. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होती. भारतीय हवामान खातं १८७५ ला स्थापन झालं होतं. वर्तमानपत्रं रोज निघत होती. अशा शहरात लाख माणसं मेली तर तिचा माग फक्त एका यादीतच कसा उरेल? छेद कळला की आकडा बोलायला लागतो. मुंबईला खरंच तडाखा देणारी वादळं आहेत, नोव्हेंबर १८५४ चं, नोव्हेंबर १९४८ चं. पण यादीत मिरवत राहिलं ते न झालेलं.

आता जी वादळं खरोखर झाली, त्यांत सुरुवातीला काय मोजलं गेलं? जहाजं. 'सायक्लोन' हा शब्दच कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो घडवला. वादळाचं शास्त्र बंदरात वाढलं, कारण जहाज आणि त्यातला माल यांना मालक होता, किंमत होती, विमा होता. ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळावर गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड यांनी सविस्तर अहवाल लिहिला. त्यातले ब्लॅनफर्ड पुढे हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले. हे सगळं महत्त्वाचं काम आहे, पण झोपडीची किंमत त्यात कोण धरणार?

देशाच्या आत, म्हणजे आपल्या वऱ्हाडात, मोजणी दुसऱ्या कारणाने होत होती. महसूल. रयतवारीत सरकारचं लक्ष पीक देणाऱ्या जमिनीवर. शेताचा नंबर, आकार, आणेवारी, सगळं लिहिलेलं. गावठाणातल्या राहत्या घराच्या जागेवर शेतसारा नाही, म्हणून महसुली दप्तरात घराला जागाही जवळजवळ नाही. आजही बघा: सातबारा तलाठ्याकडे, पण घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, घरपट्टीसाठी. (तलाठ्यांच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच.) शेत एका दप्तरात आणि घर दुसऱ्या दप्तरात, ही फाळणी जुनी आहे आणि ती पुढे आपल्याला त्रास देणार आहे. लक्षात ठेवा.

मग घर सरकारी कागदावर येतं कधी? पडल्यावर. पंचनाम्यात.

पंचनामा हा आपल्याकडचा नुकसान-मोजणीचा मुख्य, बहुतेक वेळा एकमेव कागद आहे. तलाठी, ग्रामसेवक, सोबत पंच; घर बघायचं, प्रकार लिहायचा, पडझड किती ते लिहायचं, सह्या. हा कागद मदतीसाठी बनलेला आहे आणि मदतीचे दर वरून ठरलेले असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०१५ ते २०२० चे निकष घ्या. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात ९५,१०० रुपये. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ५,२००, कच्च्या घराला ३,२००. पण त्यासाठी पडझड किमान १५ टक्के हवी. झोपडीला ४,१००, गोठ्याला २,१००. २०२२ पासून पूर्ण घराला १ लाख २० हजार, अंशतः पक्क्याला ६,५००, कच्च्याला ४,०००.

हे दर जरा शांतपणे वाचा. पहिली गोष्ट, ही किंमत नाही, मदत आहे. ९५,१०० मध्ये घर उभं राहतं असं निकष लिहिणाराही म्हणत नाही. दुसरी गोष्ट, अंशतः आणि पूर्ण यांच्यामधली दरी. १५ टक्के पडलेलं पक्कं घर ५,२०० आणि ६० टक्के पडलेलंही ५,२००, जर ते 'पूर्ण' ठरलं नाही तर. म्हणजे तलाठ्याच्या एका शब्दावर जवळजवळ ९० हजार रुपये हलतात. त्या शब्दासाठी गावात किती ओढाताण होत असेल, याचा विचार करा. तिसरी गोष्ट, संशोधकासाठी सगळ्यात महत्त्वाची: १५ टक्क्यांच्या खालचं नुकसान कागदावर यायला काही कारणच नाही. चार पत्रे उडाले, घरात पाणी शिरलं, धान्याची कोठी भिजली, आणि पडझड भरली १० टक्के. त्या कुटुंबाचं नुकसान झालं. दप्तरात ते शून्य.

निसर्ग चक्रीवादळाने हे सगळं उघडं पाडलं. ३ जून २०२० ला दुपारी ते रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याच्या अंदाजाने वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन, मुरुड, पलीकडे रत्नागिरीतले मंडणगड-दापोली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांचं नुकसान मुख्यतः वरून झालं. भिंती उभ्या, कौलं आणि पत्रे गायब. आता विचार करा, ३ जूनला छप्पर गेलं आणि कोकणात पाऊस दारात उभा आहे. टाळेबंदीचा काळ, मजूर नाही, पत्रे मिळेनात. भिजलेली भिंत, भिजलेला धान्यसाठा, वायरिंग, फ्रिज, मुलांची पुस्तकं. वारा दोन-चार तासांचा, पण खर्च पुढचे दोन महिने वाढत गेला. पंचनामा मात्र पहिल्या काही दिवसांतला.

शासनाने तेव्हा दर वाढवले, पूर्ण घराला दीड लाख केले. पुढच्या वर्षी मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर अंशतः नुकसानाचे टप्पेही पाडले: १५ टक्क्यांना १५ हजार, २५ टक्क्यांना २५ हजार, ५० टक्क्यांना ५० हजार. माणसांच्या बाजूने ही मोठी सुधारणा होती. अभ्यासकाच्या बाजूने एक नवा पेच. असा डेटा हातात आला तर नुकसानाची टक्केवारी १५, २५ आणि ५० वर ढीग करून बसलेली दिसेल अशीच अपेक्षा ठेवा. १९ टक्के पडलेलं घर कोण लिहील? तो ढीग वाऱ्याने केलेला नसतो, शासन निर्णयाने केलेला असतो. आलेख काढून 'वाऱ्याचा परिणाम टप्प्याटप्प्याने होतो' असा निष्कर्ष लिहिलात तर व्हायव्हात तुमचं काही खरं नाही.

याच्या अगदी उलट दिशेने एक परंपरा अमेरिकेत वाढली. तिकडे सुरुवात मदतीपासून नाही, विम्यापासून झाली. पण त्यातही एक गोष्ट मला फार आवडते. हरिकेनची १ ते ५ ही श्रेणी आज जगभर बातम्यांत ऐकू येते. तिचा जन्म घरांच्या प्रश्नातून झाला, आणि तोही गरिबांच्या घरांच्या. हर्बर्ट सॅफिर हे फ्लोरिडातले बांधकाम अभियंते. १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना वादळी प्रदेशातल्या कमी खर्चाच्या घरांचा अभ्यास करायला सांगितला. इतका वारा आला तर घराचं काय होईल, हे सांगायला सोपी मोजपट्टी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती बनवली. नंतर हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट सिम्पसन यांचं नाव जोडलं गेलं. आता ती वाऱ्याची मोजपट्टी म्हणून ओळखली जाते.

१९७१ मध्ये टेटसुया फुजिता यांनी टोर्नेडोसाठी उलटा रस्ता घेतला: पडझड बघून वाऱ्याचा वेग सांगायचा. इथे जरा थांबा. पडझडीवरून वेग काढायचा, मग त्या वेगावरून पडझडीचा अंदाज करायचा, असं गोल फिरणं किती सोपं आहे, दिसलं का? आपल्या जिल्ह्यात वादळाच्या झोताचा मोजलेला वेग गावागणिक नसतोच. 'झाडं उन्मळली म्हणजे वारा अमुक असणार' असं धरून पुढे जाणारा अभ्यास याच चक्रात अडकतो.

नुकसानीचं गणित संगणकावर नेण्याचं काम ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीतले डॉन फ्रीडमन यांनी बऱ्याच आधी सुरू केलं होतं. १९८७ मध्ये बोस्टनमध्ये कॅरेन क्लार्क यांनी त्यासाठी वेगळी कंपनीच काढली. त्यांची कल्पना अशी: मागच्या वीस-तीस वर्षांच्या भरपाईची सरासरी काढू नका. त्या काळात वादळं कमी आली असतील आणि किनाऱ्यावर घरं मात्र कितीतरी वाढली असतील. त्याऐवजी हजारो संभाव्य वादळं संगणकात तयार करा, प्रत्येकाचा वारा आजच्या घरांवरून फिरवा, आणि प्रत्येक घरप्रकाराचं किती टक्के नुकसान होईल ते मांडा. विमा कंपन्यांनी ऐकून घेतलं, मनावर घेतलं नाही.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हरिकेन दक्षिण फ्लोरिडावर आलं. काही तासांतच क्लार्क यांनी विमा कंपन्यांना कळवलं की बोजा १,३०० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो. अनेकांना तो आकडा अतिशयोक्त वाटला. प्रत्यक्षात तो सुमारे १,५०० कोटींच्या घरात गेला आणि ११ विमा कंपन्या बुडाल्या. घरं तपासली तेव्हा कितीतरी ठिकाणी छपराच्या फळ्यांचे खिळे खालच्या वाशांत बसलेलेच नव्हते. त्यानंतर फ्लोरिडाने १९९५ मध्ये अशा अंदाज-पद्धती तपासायला आयोग नेमला आणि बांधकामाचे नियम कडक केले.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी रेघ आहे. आडव्या अक्षावर वाऱ्याचा वेग, उभ्या अक्षावर घराच्या किमतीच्या तुलनेत दुरुस्तीचा खर्च. पत्र्याच्या घराची रेघ लवकर चढते, स्लॅबची उशिरा. याला मी नुकसान-वक्र म्हणते. आता प्रश्न: निसर्गच्या किंवा आपल्याकडच्या अवकाळी वादळाच्या पंचनाम्यांवरून असा वक्र काढता येईल का?

थेट नाही. कारण पंचनामा फक्त पडलेल्या घरांचा असतो. समजा एका गावात पत्र्याची ४० घरं पंचनाम्यात आहेत. गावात पत्र्याची एकूण घरं ५० असतील तर ती आपत्ती आहे. ५०० असतील तर गोष्ट पूर्ण वेगळी. जी घरं टिकली त्यांची नोंद कोणी करत नाही. ज्याला काही झालं नाही त्याच्याकडे तलाठी जाईल कशाला? मुंबईच्या लाख मृत्यूंना आपण जो प्रश्न विचारला तोच इथे: कितीपैकी किती?

छेद शोधायचा तर भारतात एक चांगली सुरुवात झालेली आहे. १९९४ मध्ये केंद्र सरकारने आनंद स्वरूप आर्य यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला आणि १९९७ मध्ये बीएमटीपीसीने 'व्हल्नरेबिलिटी ॲटलास ऑफ इंडिया' काढला. दुसरी आवृत्ती २००६ ची, तिसरी २०१९ ची. जनगणनेत घरयादीच्या वेळी भिंत कशाची, छप्पर कशाचं हे विचारतात. ॲटलासने तेच घेऊन जिल्हावार तक्ते केले. माती-दगडाची भिंत एका वर्गात, भाजलेल्या विटांची दुसऱ्यात, काँक्रीट तिसऱ्यात; छप्पर उतरतं हलकं, उतरतं जड, की सपाट. त्यासमोर भूकंप, वारा, पूर यांत धोका किती. बुलढाण्याचाही तक्ता त्यात आहे. विषय निवडताना आपल्या जिल्ह्याचं ते पान उघडून बघा, एवढं तरी कराच.

पण ॲटलासचा वर्ग आणि आपलं घर यांत फट राहते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागातलं जुनं धाब्याचं घर घ्या. जाड मातीची भिंत, लाकडी सरे, वर मातीचा थर. वारा हे छप्पर उचलू शकत नाही, इतकं ते जड. पण लागून पाऊस झाला की तेच बसतं, आणि १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच जड छपरांनी माणसं दाबली. मग लोक धाबं काढून पत्रे टाकतात. दिसायला 'सुधारलेलं' घर. भूकंपात आणि पावसात धोका कमी झाला, वाऱ्यात वाढला. एकाच घराचा क्रम संकट बदललं की बदलतो.

किती वाढला, ते कागदावर करून बघू. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सूत्र आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. याच मानकात मुंबई आणि नागपूरसाठी मूळ वेग ४४, पुण्यासाठी ३९ धरलाय. आपण साधं उदाहरण घेऊ. तीन मीटर बाय चार मीटरची खोली, वर १२ चौरस मीटर पत्रा. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वारा असेल तर दाब २४० न्यूटन, आणि सगळा दाब उचलण्यात गेला असं धरलं तर पूर्ण पत्र्यावर साधारण २९० किलो वजनाइतकी ओढ. ताशी १०८, म्हणजे निसर्गइतका वारा असेल तर ६६० किलो. वेग दीडपट, ओढ सव्वादोनपट. पत्र्याचं स्वतःचं वजन फार तर ५०-६० किलो. आपण त्यावर दगड ठेवतो. पंधरा-पंधरा किलोचे दहा दगड, दीडशे किलो. ताशी ७२ लासुद्धा हिशेब जुळत नाही. प्रत्यक्षात छपराचा उतार, उघडं दार, कोपरा यांनुसार ही ओढ कमी-जास्त होते, आणि दार उघडं राहिलं तर आतून येणारा दाब ती वाढवतो. पत्रा धरून ठेवतात ते जे-हूक आणि त्याखालचा अँगल, दगड नाही. उलट पत्रा उचलला गेला की तो दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो.

आणि इथेच पंचनाम्यातली एक उणीव दिसते: त्यात 'पत्र्याचं घर' एवढंच असतं. हूक होते की दगड, याला रकाना नाही.

तर मग काय करायचं? मी सध्या दोन दप्तरं एकमेकांसमोर ठेवते आहे. एका बाजूला तहसील कार्यालयातले वादळाचे पंचनामे, दुसऱ्या बाजूला त्याच गावाच्या ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्यात पडलेलं आणि न पडलेलं प्रत्येक घर आहे, बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळासकट. मघाशी म्हटलं होतं ना, शेत एका दप्तरात आणि घर दुसऱ्यात? त्याचा त्रास असा की दोन्हीकडे घराला एकच क्रमांक नाही. नाव जुळवावं लागतं. नमुना ८ वर आजोबांचं नाव, पंचनाम्यात नातवाचं. तीन भाऊ वेगळे राहतात, घर क्रमांक एकच. काही घरं अतिक्रमणात, म्हणून कर-नोंद अर्धवट, पण पत्रे मात्र त्यांचेच जास्त उडालेले.

पैशांच्या बाजूसाठी मला संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आयोगाची पद्धत उपयोगी पडते. १९७२ च्या मानाग्वाच्या भूकंपानंतर, सत्तरच्या दशकात ती आकाराला आली. ती दोन गोष्टी वेगळ्या ठेवते: वस्तूची मोडतोड आणि त्यामुळे थांबलेली मिळकत. मराठीत आपण दोन्हीला नुकसानच म्हणतो. मी पहिल्याला नुकसान आणि दुसऱ्याला तोटा म्हणते. चिखलीतल्या एखाद्या शिलाईवाल्या ताईंच्या घराचे सहा पत्रे गेले, हे नुकसान. मशीन भिजली आणि लग्नसराईचे वीस दिवस काम बंद, हा तोटा. पत्र्यांची पावती मिळते. वीस दिवसांची पावती कुठेच नसते, त्यासाठी घरी जाऊन बसावं लागतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या भेटीत ती गोष्ट निघतही नाही. लोक आधी पंचनाम्यात सांगितलेलंच पुन्हा सांगतात, कारण वही-पेन घेऊन आलेला माणूस मदतीच्या यादीसाठीच आलाय असं त्यांनी धरलेलं असतं. म्हणून माझ्या प्रश्नावलीत घराच्या पडझडीचा प्रश्न आता सातवा आहे. पहिला प्रश्न असतो, वारा सुटला तेव्हा घरात कोण होतं.